अर्धांगवायूनंतर आठ महिन्यांनीही हात सुधारू शकतो का?

हो, सुधारू शकतो. झटक्याला आठ महिने झाले, बाबांच्या उजव्या हाताची बोटं जेमतेम उघडतात आणि "सहा महिन्यांत आलं तेवढंच" असं कुणीतरी सांगितल्यावर घरच्यांनी व्यायाम सोडला, असं तुम्ही लिहिलंय. मी फोंड्याला फिजिओथेरपिस्ट आहे. हे वाक्य मला सतत ऐकू येतं आणि दर वेळी जीव तुटतो. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, एवढंच त्यात खरं. नंतर वेग मंदावतो, पण वाट बंद होत नाही.

झटक्यात मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र शेजारच्या जिवंत पेशींमधले दुवे सरावाने पक्के होतात, नवे जुळतात आणि गेलेल्या कामाचा काही भार त्या उचलतात. सराव थांबला की उलटं होतं: चांगल्या हाताने भागतंय म्हणून दुबळा हात हळूहळू कामातून बादच होतो. २००६ साली अमेरिकेतल्या 'एक्साइट' चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जाड मोजा चढवून दुबळ्या हाताकडूनच कामं करून घेतली. त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षानंतरही तो फरक टिकला. मनगट-बोटं थोडी तरी उघडणारेच रुग्ण त्यात घेतले होते, म्हणून तर बाबांची बोटं उघडतात हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे माया आड येते. भात-हुमण कालवून भरवायचं, शर्टाची बटणं लावून द्यायची. वेळ लागू दे, सांडू दे, त्यांना करू द्या.

बाबा चतुर्थीच्या आरत्यांना घुमट, म्हणजे मडक्याला चामडं ताणून केलेलं आपलं वाद्य, वाजवायचे ना? मग घुमटच समोर ठेवा. डावा हात मडक्याच्या तोंडावर, उजवा चामड्यावर. सुरुवातीला नुसता ठेका, थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. नुसता चेंडू दाबण्यापेक्षा ओळखीच्या कामात मन जास्त गुंततं आणि सराव टिकतो.

मोज्याचा प्रयोग मात्र स्वतःच्या मनाने करू नका, तोल जाऊन पडायची भीती असते. आणि बाबांना उठवताना उजवा हात धरून कधीही ओढू नका. खांदा दुखावला की सगळा सराव अडतो.