बारा एमएम घेतलं की झालं?

प्रश्न : ताई, हॉल आणि बेडरूमला लॅमिनेट फ्लोअरिंग करायचंय. दुकानदार म्हणतो १२ एमएमच घ्या, जाड तेवढं टिकाऊ, आणि आमचे हे म्हणतात ८ खूप झालं. घरात दोन मुलं आणि एक कुत्रा. किचनलाही तेच टाकलं तर सगळं घर एकसारखं दिसेल ना? आणि जुन्या टाइल्स फोडाव्या लागतील का?

उत्तर : अहो, तुम्ही दोघंही चुकीच्या आकड्यावरून भांडताय! ८ काय नि १२ काय, ती जाडी मुख्यतः आतल्या एचडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची. कुत्र्याची नखं लागणार ती वरच्या पारदर्शक थराला, आणि तो थर ८ असो की १२, दोन्हींत कागदासारखाच पातळ असतो. तो किती घासायला टिकेल ते एसी रेटिंगवरून कळतं, बॉक्सवर लिहिलेलं असतं बघा. साध्या घरवापराला एसी३ चालतं, तुमच्याकडे मुलं-कुत्रा आहेत तर एसी४ घ्या, एसी५ दुकानं-ऑफिसांसाठी असतं, घरात उगाच कशाला.

मग जाडीचा उपयोग काय, तर चालताना पोकळ आवाज कमी येतो आणि पाट्या एकमेकींत अडकतात ते कडेचं लॉक जरा दणकट असतं. पण खालची जमीन वरखाली असेल ना, तर १२ एमएमपण करकरणारच आणि सांधे सुटणारच, म्हणून दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून बघा, खाली ३ एमएमपेक्षा जास्त फट दिसली तर आधी ते लेव्हल करून घ्या. टाइल्स घट्ट बसलेल्या असतील तर फोडू नका, त्यांच्यावरच फोम टाकून फ्लोअरिंग बसतं. फक्त दरवाजे खालून तासावे लागतील, हे सगळे विसरतात आणि शेवटच्या दिवशी दार उघडत नाही.

किचनला मात्र माझ्याकडून नाहीच. सांडलेलं लगेच पुसलं तर काही होत नाही, पण सिंकखाली किंवा फ्रिजमागे गुपचूप गळणारं पाणी सांध्यातून आत शिरतं, बोर्ड फुगतो आणि वाळल्यावरही पहिल्यासारखा बसत नाही. आमच्याकडे एका कुंडीच्या बशीला तडा गेलेला कोणाला कळलाच नाही, आता ती कुंडी त्या फुगवट्यावर कायमची बसलीय, हलवायची सोय नाही 😄 वर पॉलिशही मारता येत नाही, लाकूड थोडंच आहे ते, लाकडाचा फोटो आहे! म्हणून एखादा बॉक्स जास्तीचा घेऊन ठेवा, पुढे पाटी बदलायला लागली तर तोच रंग मिळेल याचा भरवसा नाही.

बसवणाऱ्याच्या मागे लागून दोन गोष्टी करून घ्या. बॉक्स त्याच खोलीत ४८ तास आडवे पडू देत, आणि भिंतीलगत ८ ते १० एमएम जागा सोडायला लावा, हवेतल्या ओलीने पाट्या पसरतात, जागा नसली की मधेच वर उचलतात. स्कर्टिंगने ती फट झाकली जाते. पुसायला घट्ट पिळलेलं फडकं, स्टीम मॉप नको.

आणि दुकानदाराला काही विचारत बसू नका. दोन-तीन सॅम्पलचे तुकडे आणा, कडेची जाडी मोजून २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, मग परत मोजा. सगळ्यात कमी फुगेल ते घ्या, रंगावरून नंतर भांडा.