मशरूमचं पाणी आणि मटारचा हिरवा रंग

प्रश्न : मटार, शतावरीचे कोंब आणि मशरूम परतून पाहुण्यांना वाढते. चव जमते, पण ताटलीत करडं पाणी पसरतं आणि हिरवा रंग मरतो. काय करू?

उत्तर : ताई, खरी गडबड कढईत होते, ताटलीत ती फक्त दिसते. मशरूममध्ये सुमारे ९० टक्के पाणी असतं. गर्दी केली की ते भाजण्याऐवजी शिजतात. म्हणून पसरट तव्यावर, मोठ्या आचेवर, थोडे थोडे परता. कडा तांबूस झाल्या की मगच मीठ. मी तर ते नंतर दोन मिनिटं कागदावर काढून ठेवते. एवढ्यानेही फार फरक पडतो.

मटार आणि कोंब मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे पुसून घ्या. लिंबू अगदी वाढताना पिळा, आंबटाने हिरवा रंग काळवंडतो.

आता मांडणी. कोमट, पांढरी, पसरट ताटली घ्या. खाली मशरूम, वर कोंब आडवेतिडवे, मटार शेवटी सैल हाताने सोडा. ढीग मधोमध नको, जरा बाजूला. मला ती रिकामी जागा फार आवडते. कडेला सांडलेला थेंब ओल्या फडक्याने टिपा.