फॅन फिरतोय तरी लिनक्समध्ये 'फॅन ० आरपीएम, अलार्म' दाखवतंय, मदरबोर्ड गेला का?

बोर्ड गेला असं ज्यानं सांगितलं त्यालाच आधी बदल भावा, बोर्डाचं नंतर बघू.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमच्या दाजींचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथं बिलांसाठी एक जुना पीसी आहे, लिनक्स मीच टाकून दिलंय. लोखंडाची भुकटी खाऊन जुना ८० एमएमचा फॅन खरखरायला लागला म्हणून मी १२० एमएमचा शांत फॅन बसवला. दुसऱ्या दिवसापासून बीप सुरू, आणि स्क्रीनवर ० आरपीएम. फॅन आपला डोळ्यासमोर गरगर फिरतोय! दाजींनी मला न विचारता एक रिपेअरवाला बोलावला, त्यानं त्याच मापाचे आणखी दोन फॅन बदलून बघितले, बीप तसाच, शेवटी म्हणाला सेन्सरची चिप उडाली, बोर्ड बदला. आणि दाजी पोरांसमोर मला म्हणाले, "तुझ्या त्या फुकटच्या सिस्टिमचा प्रताप हाय ह्यो."

ते लई लागलं. रात्री जेवण सोडून बसलो.

बोर्डावरच्या जुन्या सेन्सर चिपा फॅनच्या दोन पल्समधला (फिरताना फॅन पाठवतो त्या विजेच्या ठोक्यांमधला) वेळ आठ बिटांच्या, म्हणजे २५५ पर्यंतच मोजणाऱ्या, काउंटरनं मोजतात. म्हणजे फॅन जितका हळू तितका आकडा मोठा, आणि २५५ ला पोचला की चिप समजते फॅन बंद. ही मोजणी किती पट सावकाश करायची ते डिव्हायडर ठरवतो; तो २ असेल तर साधारण २६५७ आरपीएमच्या खालचं तिला दिसतच नाही. माझा फॅन ९०० वर फिरणारा, त्यामुळं शून्य! डिव्हायडर ८ केला की ६६४ पर्यंत दिसतं. मग ईटीसीतल्या सेन्सर्स डॉट डी फोल्डरात फाईल करून चिपच्या नावाखाली आधी 'सेट फॅन१_डिव्ह ८' (डिव्हायडर), मग 'सेट फॅन१_मिन ७००' (ह्याखाली वेग गेला की अलार्म) लिहिलं (क्रम हाच ठेव, मिनिमम डिव्हायडरच्या हिशोबानं साठवला जातो), रूट (लिनक्सचा अ‍ॅडमिन) होऊन 'सेन्सर्स' कमांड 'एस' पर्यायासकट चालवली. पहिल्या वेळी अलार्म तसाच दिसला, माझा जीव गेला, पण तो जुना अलार्म असतो, चिप धरून ठेवते आणि एकदा वाचला की सोडते. परत चालवली, साफ.

तुझं बोर्ड नवीन असेल तर काउंटर बहुतेक सोळा बिटांचा असेल, डिव्हायडरचा प्रश्नच नाही, तिथं बायोसनं (पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामनं) ठेवलेली मिनिमम मर्यादाच बघ. फॅनच न लावलेल्या पिनांचा अलार्म येत असेल तर त्याच फाईलीत त्या फॅनच्या नावापुढं 'इग्नोर' लावून लिही आणि विसर.

हां, हे सगळं फॅन खरंच फिरत असेल तरच, आधी झाकण काढून डोळ्यानं बघ, टेंपरेचर बघ, धूळ उडव. आणि तीन पिनांचा फॅन पीडब्ल्यूएमनं, म्हणजे वीज तोडून तोडून, हळू केला तर पल्सच तुटतात, मग आकडे कायपण येतात, तिथं कॉन्फिगचा काय दोष नाही. उगाच मर्यादा शून्य करून अलार्म दाबू नको, सीपीयूच्या फॅनचा तर अजिबातच नाही.

दाजी अजून म्हणतात तिसरा फॅन चांगला निघाला म्हणून बीप थांबला. दाजी, वाचत असाल तर पहिलाच फॅन परत लावलाय मी, उरलेले दोन माझ्या टेबलाखाली पडलेत, बिलासकट घेऊन जावा.