वादचर्चेतून उमेदवाराची परराष्ट्र धोरणाची जाण ओळखता येते का?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांमध्ये टीव्हीवर होणाऱ्या वादचर्चा पाहून त्यांना परराष्ट्र धोरण कितपत कळते याचा अंदाज येतो का, असे आपण विचारले आहे, आणि ज्यांना परदेशी नेत्यांची साधी नावेही आठवत नाहीत त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, अशी पुस्तीही जोडली आहे. माझ्या मते अंदाज येतो, पण नावे चुकण्यावरून तो बांधू नये. पहिल्या उत्तरावरूनही बांधू नये, कारण ते बहुधा घोकून आणलेले असते. प्रश्नकर्त्याने तोच मुद्दा पुन्हा खोदून विचारल्यावर जे दुसरे उत्तर येते, ते मात्र कान देऊन ऐकावे.

हे मी ६ ऑक्टोबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या वादचर्चेवरून म्हणतो. तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर समोरासमोर होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मॅक्स फ्रँकेल यांनी सोव्हिएत संघाशी असलेल्या संबंधांबद्दल विचारले असता, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही आणि आपल्या कारकिर्दीत ते कधी असणारही नाही, असे फोर्ड यांनी ठासून सांगितले. हंगेरीत १९५६ साली आणि प्राग येथे १९६८ साली शिरलेले सोव्हिएत रणगाडे ज्यांच्या आठवणीत होते, त्या प्रेक्षकांना हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकता. फ्रँकेल यांनाही आपण नीट ऐकले का, अशी शंका आली असावी. रशियन फौजा तिथे तळ देऊन आहेत आणि तो प्रदेश कम्युनिस्टच राहील याची खबरदारी घेत आहेत, असे नाही का, असे विचारून त्यांनी फोर्ड यांना शब्द मागे घेण्याची सरळसरळ वाट करून दिली. फोर्ड त्या वाटेने गेले नाहीत. युगोस्लाव्हियाचे लोक, रुमानियाचे लोक आणि पोलंडचे लोक स्वतःला सोव्हिएत वर्चस्वाखाली समजत नाहीत, असे त्यांनी एकेक देश घेऊन सांगितले. युगोस्लाव्हियाबद्दल ते खरे होते, रुमानियाबद्दल ओढूनताणून काही अंशी म्हणता आले असते, आणि पोलंडमध्ये तर त्या क्षणी सोव्हिएत सैन्य मुक्कामाला होते.

आता हे अज्ञान म्हणायचे का? फोर्ड त्या वेळी दोन वर्षांहून अधिक काळ अध्यक्षपदावर होते. आदल्याच वर्षी हेलसिंकीत सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्यासह ३५ देशांच्या करारावर सही करून ते आले होते. पूर्व युरोपात कोणाचे सैन्य आहे, हे त्यांना ठाऊक नसणे शक्यच नव्हते. घडले होते ते असे, की त्यांच्याच परराष्ट्र खात्यातील हेल्मट सोनेनफेल्ट या अधिकाऱ्याच्या एका भाषणाचा गोषवारा त्या वर्षी वृत्तपत्रांच्या हाती लागला होता आणि अमेरिकेने पूर्व युरोपवरील सोव्हिएत पकड मनोमन स्वीकारली आहे, असा आरोप त्यावरून होत होता. हा आरोप खोडून काढण्याची तयारी फोर्ड करून आले होते. सांगायचे होते, 'ते वर्चस्व आम्हाला मान्य नाही'. त्यातला 'मान्य' गळला आणि 'वर्चस्व नाही' एवढेच बाहेर पडले. जीभ घसरणे कोणाचेही होते, पण दुसऱ्या संधीलाही माणूस पाठ केलेल्या वाक्यालाच चिकटून राहतो, तेव्हा त्याला ज्ञान असून ते वेळेवर वापरता येत नाही, हे दिसते. पोलिश, चेक आणि हंगेरियन वंशाच्या अमेरिकनांना हे पटवून दाखवा, असे कार्टर तिथल्या तिथे म्हणाले. चूक स्पष्टपणे मान्य करायला फोर्ड यांना त्यानंतर जवळपास आठवडा लागला.

नावांच्या आणि नकाशाच्या चुकांकडे मी थोड्या उदारपणे पाहतो, त्याला एका सकाळचे कारण आहे. २२ ऑक्टोबर २०१२ रोजी रात्री फ्लोरिडातील बोका रॅटन येथे ओबामा आणि मिट रॉम्नी यांची परराष्ट्र धोरणावरची वादचर्चा झाली, तेव्हा आपल्याकडे २३ तारखेची सकाळ, म्हणजे खंडेनवमी, उजाडली होती. वडिलांनी पाटावर पक्कड, पाना, कात्री आणि अडकित्ता मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले होते, आणि नेमके तेव्हाच पडद्यावर ओबामा सांगत होते, की आपल्या सैन्याकडे हल्ली घोडे आणि संगिनीही कमीच आहेत. (आरमारातील जहाजे १९१७ नंतर कधी इतकी कमी नव्हती, या रॉम्नी यांच्या तक्रारीला ते उत्तर होते. संगिनीचीही आज पूजा व्हायला हवी होती, असे वडील म्हणाले.) त्याच चर्चेत रॉम्नी म्हणाले, की सिरिया हा इराणचा समुद्राकडे जाण्याचा मार्ग आहे. मी मुलाचा शाळेतला नकाशासंग्रह उघडला. इराणच्या दक्षिणेला लांबच लांब किनारा, त्यावर बंदर अब्बास, चाबहार. आणि इराण व सिरिया यांच्या मधोमध अख्खा इराक. त्यांना भूमध्य समुद्र म्हणायचे असेल, हे मान्य करूनही चूक ती चूकच. पण याच रॉम्नी यांनी त्या वर्षी रशियाला अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा भूराजकीय शत्रू म्हटले होते आणि १९८० च्या दशकाला आपले परराष्ट्र धोरण परत हवे आहे, असे म्हणून ओबामांनी त्यांची टर उडवली होती. मीही तेव्हा हसलो होतो. दीड वर्षाने, मार्च २०१४ मध्ये, रशियाने क्रिमिया गिळंकृत केला.

आपल्याला जवळचे असे एक उदाहरण वादचर्चेतले नाही, मुलाखतीतले आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये बोस्टनच्या एका टीव्ही पत्रकाराने जॉर्ज बुश (धाकटे) यांना चेचन्या, तैवान, पाकिस्तान आणि भारत यांच्या नेत्यांची नावे विचारली. मुशर्रफ यांच्यासाठी 'जनरल' एवढेच आठवले आणि वाजपेयींचे नाव काही सांगता आले नाही. आपल्याकडे याची चर्चा बरीच रंगली. पुढे त्याच बुश यांनी जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग यांच्याबरोबर अणुसहकार्याची घोषणा केली आणि २००८ साली तो करार पूर्णत्वास नेला. उलट ११ ऑक्टोबर २००० च्या वादचर्चेत, परक्या देशांची घडी बसवून देण्यासाठी आपले सैन्य वापरू नये, हे त्यांनी अगदी मुद्देसूद आणि न अडखळता मांडले होते. नंतरची त्यांची बरीचशी कारकीर्द अफगाणिस्तानात आणि इराकमध्ये नेमके तेच करण्यात गेली. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनी सगळेच बदलले, हे खरे. पण चांगल्या उत्तराची किंमत किती धरायची, हेही त्यातून कळते.

याहून बिकट प्रसंग म्हणजे उमेदवाराला सारे माहीत असूनही तो उलट बोलतो. २१ ऑक्टोबर १९६० च्या चौथ्या वादचर्चेत, कॅस्ट्रोविरोधी क्युबन निर्वासितांना मदत करावी या केनेडींच्या सूचनेला निक्सन यांनी अत्यंत बेजबाबदार ठरवले आणि तिने आंतरराष्ट्रीय करार मोडतील, असे बजावले. उपाध्यक्ष या नात्याने त्यांना ठाऊक होते, की सीआयए अशा निर्वासितांना आधीपासूनच लष्करी प्रशिक्षण देत आहे, आणि त्यांचा त्याला पाठिंबाही होता. ते गुपित फुटू नये म्हणून आपण विरुद्ध बाजू मांडली, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. एप्रिल १९६१ मध्ये याच निर्वासितांची क्युबावरची चढाई फसली, ती बे ऑफ पिग्जची फजिती लागली केनेडींच्या नावावर. अशा प्रसंगी प्रेक्षकाने कितीही कान टवकारले, तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

तरीही वादचर्चा अगदीच निरुपयोगी मी मानत नाही. २६ सप्टेंबर २००८ रोजी मिसिसिपीतील ऑक्सफर्ड येथे मॅकेन आणि ओबामा यांच्यात पाकिस्तानवरून जुंपली. बिन लादेन टप्प्यात आला आणि पाकिस्तान कारवाई करायला तयार नसला, तर आम्ही करू, हे ओबामांचे आधीपासूनचे म्हणणे. असे मोठ्याने बोलायचे नसते, पाकिस्तान सरकारला बरोबर घेऊन काम करायचे असते, हा मॅकेन यांचा आक्षेप. तो अनुभवी माणसाचा होता आणि मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने बिनतोडही होता, जरी त्याच रात्री पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष झरदारी यांचे नाव त्यांच्या तोंडून चुकीचे आले. मी लक्ष ठेवून होतो ते इतक्या टोचणीनंतर ओबामा शब्द फिरवतात का, याकडे. त्यांनी तो फिरवला नाही. पाकिस्तानवर हल्ला करा असे आपण म्हटलेले नाही, एवढी मर्यादा आखून मूळ वाक्य तसेच ठेवले. २ मे २०११ च्या पहाटे बिन लादेनला टिपण्यासाठी पाकिस्तानातील ॲबटाबादला अमेरिकी हेलिकॉप्टर उतरली, तेव्हा पाकिस्तान सरकारला आधी कळवलेले नव्हते.