पंप मारला की हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाची सवय लागते म्हणतात, मग दम्यासाठी गोळ्याच बऱ्या नाहीत का?

नाहीत. हे 'गोळ्याच बऱ्या' प्रकरण आमच्या घराला चांगलंच भोवलंय, म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांचा नागपुरात कळमन्याच्या बाजारात मिरचीचा धंदा. भिवापुरी मिरचीची पोती यायला लागली की त्या गोदामात धडधाकट माणूस शिंकून बेजार होतो, आणि हे दमेकरी दिवसभर तिथेच. पंप होता, पण बंडीच्या आतल्या खिशात. चारचौघांत तोंडाला लावायची लाज. त्यात आमचे जवाईबापू, म्हणजे नणंदेचे यजमान. "बाबा, पंप म्हणजे शेवटचा उपाय. एकदा सवय लागली की सुटत नाही." मी बी. फार्म., लग्नाआधी गांधीबागेत औषधांच्या ठोक दुकानात काम केलेली. पण जवाईबापू बोलले की आमच्याकडे विषय संपतो. सुनेचं शिक्षण लग्नाच्या पत्रिकेपुरतं.

सालब्युटामॉलच्या (पंपात असतं तेच, श्वासनळी सैल करणारं औषध) 4 मिलीग्रॅमच्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून तीनदा. आता हिशोब करा. पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. 4 मिलीग्रॅम म्हणजे 4000. एका गोळीत 40 फवाऱ्यांचं औषध! फवारा थेट श्वासनळीत उतरतो, पाचेक मिनिटांत मोकळं वाटायला लागतं. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर जाते. तुळशीला पाणी घालायचं म्हणून अख्ख्या अंगणात मोट सोडायची, तसं. श्वासनळीच्या स्नायूंवर बीटा-2 रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे जाऊन लागतं त्या जागा असतात, त्या चेतल्या की नळी सैल होते. तेच रिसेप्टर हातापायांच्या स्नायूंतही असतात, म्हणून थरथर. रक्तवाहिन्याही सैलावतात, हृदयाला थोडी चालना मिळते, म्हणून धडधड. तुम्हाला जे होतंय ते हेच, आणि गोळ्यांनी ते वाढेल.

सासऱ्यांच्या कपातला चहा बशीत सांडायला लागला. काट्याच्या पावतीवर सही करताना हात इतका हलायचा की अडते विचारायचे, "काय शेठ, काल जास्त झाली का?" आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस.

त्यावरही जवाईबापूंकडे उपाय तयार. त्यांना घबराहटीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलेलं होतं, त्यातलीच पट्टी त्यांनी आणली. "एक घ्या, थरथर गायब." थरथर खरंच जाते, कारण हे औषध बीटा रिसेप्टर अडवतं. पण हृदयातले आणि श्वासनळीतले दोन्ही. जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात ते घडवलं, 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. औषध थोरच आहे, फक्त दम्याच्या माणसाला द्यायचं नसतं. फार्मसीचं कुठलंही पोरगं हे सांगेल. मला कुणी विचारलंच नाही.

रात्री सासरे पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसलेले. छातीत शिट्टी वाजत होती, दोन शब्दांपुढे बोलणं जात नव्हतं. पंप मारला, ढिम्म फरक नाही. पडणार कसा, ज्या जागी तो लागायचा ती जागाच प्रोप्रॅनोलॉलने अडवलेली. धंतोलीत एका दवाखान्यात नेलं. निघताना मी ती पट्टी पर्समध्ये टाकली होती, ती डॉक्टरांपुढे धरली. त्यांनी नेब्युलायझरमध्ये इप्राट्रोपियम घातलं (तेही श्वासनळी सैल करतं, पण बीटाच्या वाटेने जातच नाही), शिरेतून स्टेरॉइड दिलं, आणि पहाटेकडे श्वास ताळ्यावर आला. जवाईबापू बाहेर बाकावर बसून सगळ्यांना सांगत होते, "थंडी बाधली बाबांना."

बरं, तुमचं. पंपाचं व्यसन लागत नाही. नियमित वापरात थरथर बहुतेकांची थोड्या दिवसांनी कमी होते. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या, म्हणजे औषध घशात चिकटून पोटात कमी जाईल. पण आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा पंप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही हे धरून चाला. नुसत्या सालब्युटामॉलवर दमा काढायचा नाही, असं जागतिक मार्गदर्शक सूचनाही 2019 पासून सांगतात. सोबत स्टेरॉइडचा पंप हवा. हो, एक कबूल करते. सालब्युटामॉल फार मारलं तर रिसेप्टर पूर्वीइतकी दाद देत नाहीत, म्हणजे जवाईबापूंचं रुपयात चार आणे खरं होतं. म्हणून 40 पट औषध गिळायचं?

हृदयाचा आजार, थायरॉइड किंवा साखर असेल, तर मात्र माझ्या उत्तरावर विसंबू नका. छातीत दुखत असेल, ठोके चुकत असतील, तर आजच डॉक्टर गाठा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये फिनाइलेफ्रिन असतं, तेही याच गोतावळ्यातलं, धडधडीत भर घालू शकतं. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दमा आहे हे आधी सांगा. काचबिंदूसाठी देतात ते टिमोलॉलचे थेंबही प्रोप्रॅनोलॉलसारखेच बीटा अडवतात, श्वासनळी आवळू शकतात. आमच्या जवाईबापूंना काचबिंदू नाही, हे सासऱ्यांचं नशीब.