केवळ ऐकून गाणी वाद्यावर वाजवायला शिकण्याची सुरुवात कशी करावी?

सुरुवात वाद्यापासून न करता गळ्यापासून करावी: गाण्याची एक ओळ सुरात गुणगुणता येईपर्यंत वाद्याला हात लावू नये आणि त्यानंतर प्रथम त्या गाण्याचा षड्ज (सा), म्हणजे चाल जिथे विसावते तो स्वर, वाद्यावर शोधावा. याचे कारण असे की सप्तकात, म्हणजे एका सा पासून पुढच्या सा पर्यंत, १२ स्वर असले तरी बहुतेक गाण्यांचे काम सातेक स्वरांवर भागते आणि सा सापडल्यावर सुटे स्वर नव्हे, तर दोन स्वरांमधले अंतर ओळखायचे उरते. सा ते प हे अंतर ७ अर्धस्वरांचे असते (या १२ पैकी लगतच्या दोन स्वरांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर). ते एकदा कानात बसले की पट्टी, म्हणजे सा ची उंची, कोणतीही असो, प चुकत नाही. जलद तानांसाठी ध्वनिमुद्रणाचा वेग निम्मा करून ऐकावे. त्यात कमीपणा काही नाही. मात्र ओळीचा शेवटचा स्वर सा असेलच असे नाही, कारण काही ओळी ग किंवा प वरही थांबतात. शिवाय जुने ध्वनिमुद्रण कधीकधी दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरात वाजते, तेव्हा वाद्यावर काहीच जुळत नाही आणि आपण उगीच कानाला दोष देतो.