टेपचं शून्याचं टोक कोणी धरायचं?

या वेळी आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं एकाच विषयावरची आहेत, आर्किटेक्चरच्या मुलांची दोन-तीन दिवसांची ग्रुप वर्कशॉप्स, म्हणून ती एकत्रच घेतेय.

प्रश्न : ताई, मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात वाईला तीन दिवसांचं डिझाइन वर्कशॉप आहे, चार कॉलेजची मुलं, पाच-पाच जणांचे ग्रुप, आणि एका जुन्या वाड्याचा आता काय वापर करता येईल ते सुचवायचंय. माझं स्केचिंग बरं आहे पण हात स्लो आहे, स्केचअप (कॉम्प्युटरवर ३डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) जेमतेम येतं. बाकीची मुलं फास्ट असणार, मी ग्रुपला ओझं होईन असं वाटतं. जाऊ की नको?
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : जा ग, नक्की जा. तीन दिवसांतला पहिला दिवस मोजमापात आणि लोकांशी बोलण्यात जातो, दुसरा बटर पेपरवर (आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंगच्या कागदावर) बटर पेपर टाकून वाद घालण्यात, आणि फास्ट हात लागतो तो शेवटच्या अर्ध्या दिवसात, शीट करताना. त्यासाठी ग्रुपमध्ये कोणीतरी असतंच.

तू पहिल्या दिवशी टेपचं शून्याचं टोक मागून घे. चालू माप घ्यायचं, म्हणजे शून्य एका कोपऱ्यात धरलं की भिंत संपेपर्यंत हलवायचं नाही, दाराची कड, खांब, कोनाडा जे येईल त्याचं रीडिंग पलीकडच्याने मोठ्याने वाचायचं आणि तिसऱ्याने लिहायचं, कारण तुकड्यातुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्यात थोडं चुकतं आणि शेवटी बेरीज जुळत नाही. चौकाचे दोन्ही कर्ण न विसरता घ्या. जुन्या वाड्यांचे कोपरे काटकोनात क्वचितच असतात, नुसत्या चार बाजू मोजून आलात तर रात्री प्लॅन काही केल्या जुळत नाही आणि तोवर वाड्याला कुलूप लागलेलं असतं.

शून्य धरणारी एका जागी उभी असते, आणि एका जागी उभ्या असलेल्या माणसाशी घरातली माणसं बोलायला येतात. मी तिसऱ्या वर्षाला असताना असंच नदीकाठच्या एका वाड्यात वर्कशॉप होतं, आमच्या ग्रुपने पहिल्याच दुपारी ठरवून टाकलं की चौकावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर टाकायचं आणि खाली कॅफे करायचा, सगळे खूश. शून्य धरायला आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी होती. तिच्याशेजारी ओसरीवर घरच्या आजी येऊन बसल्या, काय करताय म्हणून विचारलं, तिने सांगितलं तर आजी उठल्या, तांब्याभर पाणी आणलं आणि चौकात मधोमध ओतलं. पाणी फरशीवरून सरळ कोपऱ्यातल्या मोरीकडे गेलं. आजी म्हणाल्या, चारी पाख्यांचं पाणी इथं येतं आणि इथून जातं, तुम्ही वर झाकल्यावर ते कुठं नेणार? आम्ही पाणसळ लावून, दोरी ताणून उतार मोजला तर चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम दीड इंच, डोळ्याला अजिबात न दिसणारा, पण नेमका. रात्री छप्पर खोडलं, कॅफे गेला, आणि तो चौक उघडा ठेवून जे काही सुचलं ते आमच्या पाच वर्षांतल्या चांगल्या कामांपैकी एक होतं असं मला आजही वाटतं.

वाईला जातेच आहेस तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून ये, जवळच आहे. चौकामागून चौक ओलांडत वाडा शेवटी कृष्णेच्या घाटाशी कसा जातो ते चालून बघ, फोटो नंतर काढ.

प्रश्न : मुलगा आर्किटेक्चरला आहे, तिसरं वर्ष. कॉलेज बुडवून दोन दिवस औसा तालुक्यात वर्कशॉपला जायचं म्हणतो, विषय गावातली घरं. फी वेगळी, मार्क नाहीत. आमचं जुनं घर दगडमातीचं, माळवदाचं (मातीच्या सपाट छपराचं) होतं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? दोन दिवसांत काय डिझाइन होणार?
(एक पालक, लातूर)

उत्तर : दादा, फीचं म्हणाल तर ती जड जात असेल तर मुलाने आयोजकांना सरळ विचारावं, बऱ्याचदा सवलत असते, मागायला लाजू नये.

पण शिकण्यासारखं काय, याचं उत्तर तुमच्या जिल्ह्याइतकं कुठेच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं गेली ती मुख्यतः घरांखाली. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती, पण मातीत रचलेल्या, आतलं आणि बाहेरचं तोंड एकमेकांना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड त्यात नाहीत, आणि डोक्यावर माळवदाचा जड थर. भिंती फुगून फुटल्या. आणि त्याच गावांत जिथे लाकडी खांब-तुळयांचे खण नीट होते तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती पडल्या तरी खण उभा राहिला. हे तुमच्या मुलाला पुस्तकात चार ओळींत भेटतं, तिथे खांबाला हात लावून भेटेल.

दुसरी गोष्ट, नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. घरं आधीपेक्षा मजबूत झाली, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण बऱ्याच ठिकाणी आखणी शहरासारखी झाली, सरळ रुंद रस्ते, चौकटीतले प्लॉट, आणि भावकीची शेजारी-शेजारी असलेली घरं लांब लांब गेली, जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा हे लोकांना नंतर आपापलं शोधावं लागलं. कागदावर रेघ मारायच्या आधी विचारायचं असतं, हे शिकायला दोन दिवस पुरतात. डिझाइन अर्धवटच होईल, होऊ दे.

आणि एक विनंती, तो जायच्या आदल्या रात्री तुम्ही त्याला तुमच्या जुन्या घराचा नकाशा कागदावर काढून द्या. उन्हाळ्यात झोपायचे कुठे, धान्य कुठे, पावसाळ्याआधी माळवदावर कोणती माती कशी चोपायचे, गळायला लागलं तर काय करायचे, सगळं. त्याच्या ग्रुपमध्ये हे कोणाकडेच नसेल.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपच्या नोटिसवर "शरेट" लिहिलंय. म्हणजे काय? आणि रात्रभर जागावंच लागतं का?
(विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : शरेट म्हणजे फ्रेंचमध्ये हातगाडी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत मुदत संपली की मुलांची ड्रॉइंग्ज गोळा करायला गाडी फिरायची आणि काही मुलं गाडीबरोबर जाता जाताही शेवटच्या रेघा मारायची, असं सांगतात. त्यावरून कमी वेळात, सगळ्यांनी मिळून, एका दमात करायच्या कामाला हे नाव पडलं. आता बऱ्याच ठिकाणी त्यात तिथे राहणाऱ्या माणसांनाही बसवतात, आणि तेच खरं चांगलं.

जागायचं काही नाही रे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता ग्रुपने ठरवायचं की यापुढे नवीन आयडिया बंद, मग ती कितीही भारी असो. एक प्लॅन, एक मोठा सेक्शन (इमारत उभी कापल्यावर आतून कशी दिसेल ते ड्रॉइंग), एक मॉडेल, बस. सेक्शन जिथे माणसं बसतात, उठतात, पाणी भरतात तिथूनच कापा. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, कोण काय बोलणार तेही तेव्हाच वाटून घ्या, ज्याने जे काढलं ते त्यानेच सांगायचं, नाहीतर एकच मुलगा सगळ्यांचं काम सांगतो आणि बाकीचे मागे उभे राहतात. मॉडेलचं कापाकापीचं काम जेवणाआधी उरका, पहाटे तीनला झोपेत सनबोर्ड (मॉडेलसाठीचा फोमचा जाड बोर्ड) कापताना बोटं कापून घेतलेली मुलं मी पाहिलीत, आणि कटरला नवीन पातं लावून न्या.